सर्जेरावाचा महादरवाजा

बोरखिंडीत एक भोळा माणूस होता. बाकीचं गाव शहाणं होतं, त्यामुळे तो गर्दीतही लगेच ओळखू यायचा. त्याचं नाव सर्जेराव. नाव ठेवताना आईबापांनी मोठी आशा धरली असणार. आशा धरायला कोणी अडवत नाही.

सर्जेराव गावच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचा. सोड म्हटलं की सोडायचा, बंद कर म्हटलं की बंद करायचा. बंद कर म्हणायला कोणी विसरलं, तर खालच्या आळीतून ओढा वाहायचा. पण माणूस आज्ञाधारक. सांगितलं तेवढं करणार, त्यात पदरचं काही घालणार नाही. हा गुण गावात दुसऱ्या कोणातच नव्हता, त्यामुळे हा गुण असतो हेच गावाला माहीत नव्हतं.

माहीत होतं ते एकट्या वैजयंतेला. वैजयंता ही खडकवाडीच्या सुभेदार शेलारांची मुलगी. जत्रेत तिनं सर्जेरावाच्या हातात शेळीचं दावं दिलं आणि म्हणाली, "जरा धरा, म्या बांगड्या भरून येते." बांगड्या भरल्या, मैत्रिणी भेटल्या, शेळी विसरली. दिवस मावळताना ती धावत परत आली, तेव्हा जत्रा उठली होती. पाळणेसुद्धा उतरवले होते. मोकळ्या माळावर एक माणूस आणि एक शेळी उभी होती. वैजयंतेनं घरी येऊन बापाला सांगितलं, "लगीन करीन तर त्या माणसाशी."

सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. डोक्याला लाल फेटा, पांढऱ्या मिश्या आणि गडकिल्ल्यांचा भारी नाद. ते म्हणाले, "त्यो? पाणी सोडून झोपणारा? ज्याला एक काम तडीला नेता येत न्हाई त्याला म्या पोरगी देत नसतो. यंदा दिवाळीला बोरखिंडीत किल्ले बघायला मीच परीक्षक हाय. त्यानं एक दरवाजा धड उभा करून दाखवावा. मग बघू."

हे सर्जेरावाच्या कानावर गेलं. वैजयंता त्याला फार आवडली होती. इतकी, की वाटेत शेळी दिसली तरी त्याला गलबलून यायचं. काही झालं तरी दरवाजा धड उभा करायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं.

आता किल्ल्याचं. दिवाळीत गावोगाव मातीचे किल्ले होतात, तसे बोरखिंडीतही व्हायचे. वरच्या आळीचा एक, खालच्या आळीचा एक, आणि दोन्हींमध्ये वर्षभर पुरेल एवढं भांडण. पण यंदा खालच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष दौलतराव यांनी गावाचा विकास केला होता. म्हणजे सगळ्या गावाला सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवले होते. विकास इतका झाला, की किल्ल्याला मूठभर माती उरली नाही. मग दौलतरावांनीच तोड काढली, किल्ला कंप्युटरवर करायचा. लढाईचा एक खेळ असतो. त्यात लढाईआधी रणभूमी आपणच मांडू शकतो. डोंगर, तट, दरवाजे, झाडं माऊसनं उचलायची आणि हवी तिथं ठेवायची. याला मॅप एडिटर म्हणतात. दोन्ही आळ्यांनी आपापला किल्ला त्यात करायचा आणि दिवाळीच्या पाडव्याला पडद्यावर दाखवायचा.

खालच्या आळीच्या मंडळाची बैठक झाली. सूचना करायला सगळे तयार होते. माऊस धरायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सर्जेरावाला बसवला. त्याचा चुलतभाऊ नंदकुमार गावात कंप्युटरचा क्लास चालवायचा. शिकवायची जबाबदारी त्याच्यावर आली.

नंदकुमारनं त्याला खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला आणि म्हणाला, "सर्जा, एक महादरवाजा उभा कर. चांगला भव्य, शोभिवंत. लांबून दिसला पाहिजे."

"बरं दादा."

संध्याकाळी नंदकुमार परत आला. महादरवाजा उभा होता. भव्य होता. दोन बुरूज, वर नगारखाना, नगारखान्यावर भगवा. लांबून दिसत होता, कारण आजूबाजूला दुसरं काहीच नव्हतं. उघड्या माळावर एकटा दरवाजा. त्याच्या मागं थोड्या अंतरावर आपला राजवाडा, तोही उघड्यावर. नंदकुमारनं खेळ चालू केला. लाल सैन्य शत्रूचं, निळं आपलं. लाल सैन्य चालत आलं, दरवाजापाशी थांबलं, त्याला वळसा घातला आणि राजवाडा घेतला. निळे मावळे दरवाजात छाती काढून उभेच होते.

"आरं, तट कुठाय?"

"तटाचं बोलला न्हाईस."

नंदकुमारनं कपाळाला हात लावला. "दरवाजा म्हटला की दोन्ही बाजूंला तट आला. एवढीशी फट राहता कामा न्हाई. मुंगी शिरता कामा न्हाई. ध्यानात ठेव."

"ध्यानात ठेवतो," सर्जेराव म्हणाला. आणि खरंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी महादरवाजाला तट झाला. मग नंदकुमार म्हणाला, "आता गडाखाली बाजारपेठ केलीय ना, तिच्या तोंडाशी एक कमान टाक. नुसती शोभेची."

सर्जेरावानं कमान टाकली. दोन्ही बाजूंला तट घातला. मुंगी शिरणार नाही अशी खात्री केली. मग त्याच्या लक्षात आलं, की कमानीला मधोमध एक मोठी फट आहे. एवढी मोठी, की तिच्यातून बैलगाडी जाईल. बरं झालं वेळेवर दिसलं, असं म्हणून त्यानं ती दगडांनी बुजवली.

खेळ चालू केला. अलीकडं बैलगाड्यांची रांग लागली होती, पलीकडं बैलगाड्यांची रांग लागली होती. पहिला बैल कमानीला डोकं लावून चालत होता. पाय हलत होते, गाडी हलत नव्हती. बाजारात धान्य नाही म्हणून गडावरचे मावळे उपाशी बसले होते. तेवढ्यात लाल सैन्य आलं. मावळ्यांना उठवेना.

"आरं, कमान बुजवतात का?"

"फट होती दादा."

"कमान उघडी असते, सर्जा! येणाऱ्याचं स्वागत करायचं असतं. पताका लाव, फुलं लाव, दोन्हीकडं दिवट्या लाव, तुतारीवाले उभे कर. आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, की आपलीच वाट बघत होते. ध्यानात ठेव."

"ध्यानात ठेवतो." ठेवलं.

तिसऱ्या दिवशी नंदकुमार खूश होता. कमान मोकळी झाली होती, बैलगाड्या ये-जा करत होत्या. तो म्हणाला, "आता शेवटचं काम. गडाच्या मागल्या अंगाला एक चोरदरवाजा कर." आणि चहा प्यायला गेला. माणसानं इतकं निश्चिंत होऊ नये, पण क्लास चालवणाऱ्याला स्वतःला कोण शिकवणार.

परत येऊन बघतो, तर गडाच्या मागल्या अंगाला चोरदरवाजा होता. त्याला झेंडूच्या माळा होत्या. वर पताका. दोन्ही बाजूंना तुतारीवाले. खालच्या जंगलातून दरवाजापर्यंत फरसबंदी रस्ता, रस्त्याच्या दुतर्फा दिवट्या. रस्त्याच्या तोंडाशी पाटी, 'चोरदरवाजा. सुस्वागतम्.'

खेळ चालू केला. लाल सैन्य महादरवाजाकडं निघालं होतं. पाटी दिसली, तसं वळलं. तुतारीवाल्यांनी तुताऱ्या फुंकल्या. लाल सैन्य सन्मानानं आत गेलं.

नंदकुमारनं खेळ बंद केला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सर्जा, चोरदरवाजा लपवायचा असतो. पुढं झाडी लाव, दगड रच. भिंत आहे असंच वाटलं पाहिजे. शत्रूचं सोड, आपल्या माणसालासुद्धा कळता कामा न्हाई. ध्यानात..."

"ठेवतो."

त्याच दिवशी अध्यक्ष दौलतराव क्लासमध्ये आले. किल्ला बघितला, मान डोलावली आणि मुद्द्यावर आले. "महादरवाजावर माझ्या नावाची एक पाटी पाहिजे. तशी मला प्रसिद्धीची हौस न्हाई. पण पोरं ऐकत न्हाईत."

पोरं तिथं नव्हती. सर्जेरावानं पाटी लावली. नुकताच ऐकलेला धडा ताजा होता. त्यानं पाटीपुढं बाभळी लावल्या, बाभळीपुढं कारवी लावली, कारवीपुढं शिळा रचली. दौलतराव दुसऱ्या दिवशी चार कार्यकर्ते घेऊन आले आणि पडद्याला नाक लावून स्वतःचं नाव शोधू लागले.

"माझी पाटी कुठाय रे?"

"हाय की," सर्जेराव अभिमानानं म्हणाला. "आपल्या माणसालासुद्धा कळणार न्हाई, अशी लावलीय."

दौलतरावांचा चेहरा बघून नंदकुमार मध्ये पडला. "शत्रूपासून लपवायचं रे, अध्यक्षांपासून न्हाई! आता एकच गोष्ट ऐक आणि बाकीचं डोकं बंद ठेव. निळे आपले. लाल शत्रूचे. निळा आला, दार उघड. लाल आला, दार बंद. मग कोणी किती का ओरडंना."

"निळा उघड, लाल बंद." सर्जेरावाला हे फार आवडलं. इतकं सोपं आधीच का नाही सांगितलं, असं त्याला वाटलं. त्यानं झाडी काढली, पाटी मोकळी केली, दरवाजाला तसा नियम लावून दिला. खेळ चालू केला. लाल सैन्य आलं, दार बंद झालं. निळं आलं, दार उघडलं. नंदकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ला धड झाला होता.

पाडवा आला. कार्यक्रम समाजमंदिराच्या पटांगणात. पटांगणाला दौलतरावांनी उंच भिंत घातलेली, भिंतीवर काचा लावलेल्या. पुढं लोखंडी फाटक, मागं एक लहान दार. मंडळानं फाटकाला प्लायवूडचे बुरूज लावून त्याचाही महादरवाजा केला होता. दारावर कोण उभं राहणार, असा प्रश्न आला.

दौलतराव म्हणाले, "सर्जाच की. आठवडाभर दरवाजेच तर केलेत त्यानं." आणि जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शिकलास ते सगळं इथं लाव बरं का."

या गावात एवढी घाऊक आज्ञा सर्जेरावाला आजवर कोणी दिली नव्हती. तो कामाला लागला. फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या फटी बांबू ठोकून बंद केल्या. फाटकाला माळा लावल्या, पताका लावल्या. गावातला एकुलता एक तुतारीवाला आणून उभा केला. मागल्या दाराला बाहेरून कडी घातली. मग विकासातून उरलेले पेव्हर ब्लॉक आतून आणि बाहेरून चौकटीच्या वरपर्यंत रचले, वर चुना मारला आणि पुढं करवंदीची जाळी रोवली. भिंत आहे असंच वाटलं पाहिजे होतं, आणि तसंच वाटू लागलं. प्रत्येक धडा या खेपेला आपापल्या जागी बसला होता. कोणाला तरी तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

पहिल्यांदा वरच्या आळीचं मंडळ आलं. ते टिंगल करायला आलं होतं, आणि मंडळाचे टी-शर्ट निळे होते. सर्जेरावानं फाटक सताड उघडलं. तुतारी झाली. वरच्या आळीला गेल्या कित्येक वर्षांत खालच्या आळीनं असं मानानं आत घेतलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या चकल्या संपवू लागली.

मग खडकवाडीची जीप आली. सुभेदार उतरले. लाल फेटा. मागोमाग त्यांचे भाऊबंद, सगळ्यांना लाल फेटे. शेवटी वैजयंता उतरली. तिनं मुद्दाम नवी साडी नेसली होती. लालभडक.

फाटक बंद झालं.

"आरं, दार उघड! परीक्षक हाय मी!"

"लाल हाय तुम्ही," सर्जेराव आतून म्हणाला.

"अहो, मी वैजयंता."

सर्जेरावानं फटीतून बघायचं म्हटलं, पण फटी त्यानंच बुजवल्या होत्या. तो फाटकावर चढून वरून बघू लागला. वैजयंताच होती. त्या साडीत ती फार चांगली दिसत होती. त्याला रडू फुटायच्या बेताला आलं. पण हुकूम म्हणजे हुकूम.

"तुम्हीबी लालच हाय," तो म्हणाला. "लई वाईट वाटतंय मला."

आतून दौलतराव ओरडत होते, बाहेरून सुभेदार ओरडत होते. कोणी किती का ओरडंना, असं नंदकुमारनं सांगितलंच होतं. पडद्यावर दोन्ही किल्ले दाखवून झाले, चकल्या संपल्या, तुतारीवाला दमला. मग बाहेर सुभेदार मिशीवरून हात फिरवत फाटकाकडं बघत होते.

"उभ्या नोकरीत," ते सावकाश म्हणाले, "असा पहारेकरी मला मिळाला न्हाई. होणाऱ्या सासऱ्याला बाहेर ठेवलं! होणाऱ्या बायकोला बाहेर ठेवलं! डोळ्यांत पाणी, पण कडीला हात न्हाई!" त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून जीपमध्ये टाकला. तांबडा रंग गेला, तसं सर्जेरावानं त्यांना आत घेतलं.

सुभेदारांनी निकाल उभ्या उभ्या दिला. "पडद्यावरचे किल्ले मी बघितले न्हाईत. बघायची गरज न्हाई. ज्या गडात मलाच शिरता आलं न्हाई त्यो पहिला. आणि पोरगी दिली."

खालच्या आळीनं टोप्या उडवल्या. नंदकुमार मटकन खाली बसला. इथं गोष्ट संपली असती तर सगळ्यांचं कल्याण झालं असतं. पण शहाण्या माणसाला सुधारणा सुचवल्याशिवाय राहवत नाही. सुभेदार सर्जेरावाला जवळ घेऊन म्हणाले, "एकच चुकलं, जावईबापू. निळे सदरे बघून चोर आत घेतले. रंग कोणीबी पांघरील. म्हणून परवलीचा शब्द विचारायचा. ज्याला शब्द ठाऊक न्हाई त्याच्यासाठी दार उघडायचं न्हाई, मग त्यो कोणी का असंना. आणि असा माणूस आतच सापडला, तर त्याला पहिला बाहेर काढायचा."

"ध्यानात ठेवतो," सर्जेराव म्हणाला.

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच यांचंही ठरलं. जागा तीच, समाजमंदिराचं पटांगण. प्लायवूडचा महादरवाजा काढायचा मंडळाला कंटाळा आला होता, तो आयता कामी आला. सुभेदारांनी धोका नको म्हणून खडकवाडीला निळे फेटे बांधले. वैजयंता निळ्या शालूत. सगळे सुखरूप आत आले. आपण केवढी दूरदृष्टी दाखवली, असं सुभेदार प्रत्येकाला सांगत होते.

नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली. मध्ये अंतरपाट धरला. सर्जेरावानं बघितलं. आडवा पडदा. दोन्हीकडं धरणारी दोन माणसं. पलीकडं कोण आहे ते दिसत नाही. त्यानं लगेच ओळखलं, हा दरवाजा आहे.

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. धरणाऱ्यांनी अंतरपाट खाली घेतला. सर्जेरावानं तो दोन्ही हातांनी पकडून परत वर केला.

"परवलीचा शब्द?"

वाजंत्री थांबली.

"कसला शब्द?" पडद्यापलीकडून वैजयंता म्हणाली.

"मग उघडता येत न्हाई."

"जावईबापू, मी सांगतोय, उघडा!" सुभेदार पुढं आले.

"शब्द सांगा."

सुभेदारांनी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. शब्द विचारायचा एवढं त्यांनी सांगितलं होतं. शब्द ठरवायचा राहून गेला होता. सर्जेरावानं भटजींना विचारलं. भटजींनी एक श्लोक म्हटला, तो नव्हता. नंदकुमारला विचारलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. दौलतरावांना विचारलं. त्यांनी भाषण सुरू केलं, एवढ्या शब्दांत एखादा तरी बरोबर निघेल या आशेनं. निघाला नाही.

"आरं, पण तुला तरी ठाऊक हाय का?" कोणीतरी मागून ओरडलं.

सर्जेराव विचारात पडला. त्याचा चेहरा उतरला. "न्हाई," तो म्हणाला. ज्याला शब्द ठाऊक नाही तो आत सापडला, तर त्याला पहिला बाहेर काढायचा. त्यानं अंतरपाट नीट घडी करून भटजींच्या हातात दिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि मुंडावळ्या सावरत महादरवाजातून बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला.

मुहूर्त टळत चालला होता. वैजयंतेनं दोन्ही हार उचलले. "मलाबी शब्द ठाऊक न्हाई," ती बापाला म्हणाली आणि बाहेर गेली. रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, तिनं त्याच्या गळ्यात हार घातला आणि दुसरा त्याच्या हातात दिला. त्यानंही घातला. आतल्या लोकांनी फाटकातून अक्षता फेकल्या. सुभेदारांनी डोळे पुसले. लग्न लागलं.

मग सर्जेरावानं मागं वळून बघितलं. आत दोन गावं होती. एकालाही शब्द ठाऊक नव्हता, आणि दार उघडं होतं. त्यानं फाटक लावलं, बाहेरून कडी घातली, कडीला कुलूप घातलं. सुभेदार आतून गर्जले. दौलतराव मागलं दार शोधायला धावले आणि भिंतीवरून हात फिरवत चकरा मारू लागले. त्यांच्या मागं भटजी, भटजींच्या मागं आचारी, आचाऱ्यांच्या मागं सगळं वऱ्हाड.

नवरा-नवरी घरच्या वाटेला लागली. जरा पुढं गेल्यावर वैजयंता हसू आवरत म्हणाली, "अहो, बाबा आत हायती. निदान मागलं दार कुठं हाय तेवढं तरी मला सांगा."

सर्जेराव थांबला. त्यानं तिच्याकडं फार प्रेमानं बघितलं.

"कसं सांगू?" तो म्हणाला. "आपल्या माणसालासुद्धा कळता कामा न्हाई, असं दादानं सांगितलंय. आणि तू तर आता माझं सगळ्यात आपलं माणूस."